पोढीतले पाणी, नळातले शिसे

इरिला नावाच्या एका यवनाने जुन्नरला दोन पोढ्या, म्हणजे कातळात कोरलेली पाण्याची टाकी, खोदवल्या. लेण्याच्या कातळावर त्याचा ब्राह्मी लेख आहे, तोही जेमतेम एका ओळीचा: देणारा कोण, कुठल्या लोकांपैकी आणि दिले काय. हा इरिला समुद्रापलीकडून आलेला ग्रीक होता, की इथेच रुजलेल्या एखाद्या यवन घराण्यातला, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्याच्या दानाबद्दल मात्र शंका नाही. परके नाव लावणाऱ्या या माणसाला जुन्नरात पुण्य जोडावेसे वाटले, तेव्हा त्याने लोकांच्या पिण्याच्या पाण्याची सोय केली.

असे करणारा तो एकटा नव्हता. जुन्नरच्या धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे कोरवून दिले आणि सोबत पोढीही दिली. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, याने ४६ व्या वर्षी एक मंडप आणि एक पोढी दिल्याचा लेख आहे. ते वर्ष शकाचे धरले तर इसवी सन १२४ येते. नाणेघाटात कामवनचा गृहस्थ दामघोष याची पोढी आहे. तिच्यावर वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी राजाचे १३ वे वर्ष कोरलेले आहे. सातवाहन आणि क्षत्रप जुन्नरसाठी झुंजत होते, सत्ता कधी याची तर कधी त्याची, पण पाण्याचे दान दोघांच्याही काळात चालू राहिले. जुन्नरचा सार्वजनिक कामांचा लेखी इतिहास असा पाण्यापासून सुरू होतो. ही गोष्ट आपल्या शाळांतल्या मुलांना पहिल्या धड्यातच सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते.

पोढी जवळून पाहिली म्हणजे खोदणाऱ्याची बुद्धी कळते. वरून दिसते ते लहानसे चौकोनी तोंड. खाली कातळ पोखरून टाके आत लांबवर नेलेले असते, त्यामुळे बरेचसे पाणी दगडाच्या छपराखाली, सावलीत राहते. ऊन कमी लागल्यामुळे बाष्पीभवन कमी होते आणि शेवाळही कमी धरते. अनेक पोढ्यांच्या तोंडाच्या काठाला खाच मारलेली असते. तिच्यात फळी किंवा दगडी झाकण बसावे, पालापाचोळा आत पडू नये, एवढ्यासाठी. वर डोंगरउतारावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी वळवलेले असते. आणि हे सगळे बेसाल्टच्या अखंड खडकात. या खडकातून पाण्यात उतरलेच तर थोडे कॅल्शियम, थोडे मॅग्नेशियम उतरते. पाण्याच्या वाटेत धातू कुठेच नाही.

धातू त्याच काळात जुन्नरात येत होता, पण दुसऱ्या कामासाठी. पहिल्या शतकाच्या मध्याला एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ते पुस्तक पेरिप्लस नावाने प्रसिद्ध आहे. भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या त्याच्या यादीत मद्य आणि पोवळ्यांबरोबर तांबे, कथील आणि शिसे आहे. कल्याणचे बंदर पूर्वी खुले होते, आता तिथे अडवणूक होते आणि ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असेही तो सांगतो. रोमचा प्लिनी तर लिहितो की भारतात ना तांबे आहे ना शिसे, ते लोक रत्ने आणि मोती देऊन हे धातू घेतात. प्लिनीची माहिती अपुरी होती. राजस्थानात जावर आणि आगुचा इथे त्याच्या कितीतरी आधीपासून शिशाच्या खाणी चालू होत्या. पण पश्चिमेकडून शिसे येत होते हे खरे, आणि कल्याणहून पैठणकडे जाणारा माल नाणेघाट चढून जुन्नरवरूनच जायचा. त्या घाटात बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर शिशाच्या लगडीही वर आल्या असणार.

या शिशाचे सातवाहनांनी नाणे पाडले. नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका राणीच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणांची मोठी यादी आहे आणि तिथला हिशेब कार्षापण या नाण्यांचा आहे. बाजारातला रोजचा व्यवहार मात्र शिशाच्या आणि पोटीनच्या नाण्यांवर चाले. पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचे मिश्रण. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, साध्या भट्टीत पाणी होते, मऊ असल्याने ठसा सहज घेते. चिल्लर नाण्याला याहून सोयीचा धातू नाही. जुन्नरच्या शिलालेखांत कांस्यकारांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे, म्हणजे धातू वितळवणारे, मिसळणारे हात गावात होतेच. जुन्नर परिसरात मिळालेली ही शिशाची नाणी पाहिली तर त्यांच्यावर पांढुरकी, भुरकट पुटे दिसतात. हवा, ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांनी शिशावर धरलेले ते कार्बोनेट. या पांढऱ्या पुटाकडे लक्ष असू द्या, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

त्याच शतकांत समुद्रापलीकडे हाच धातू पाण्याच्या वाटेत बसला होता. रोममध्ये दगडी पाटांतून मैलोगणती आणलेले पाणी शहरात शिरले की शिशाच्या नळ्यांतून वाटले जाई. चांदी गाळताना शिसे भरपूर निघे, त्यामुळे ते स्वस्त होते. शिशाचा पत्रा ओतायचा, तो वळवून त्याची नळी करायची, जोड डाग देऊन बुजवायचा. नळीवर मालकाचे किंवा बादशहाचे नाव उठवलेले असे. जुन्नरच्या दात्याने आपले नाव दगडात कोरले, रोमच्या मालकाचे नाव शिशात ओतले गेले.

धोका रोमन लोकांना ठाऊक नव्हता असे नाही. व्हिट्रुव्हियस या वास्तुकाराने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात स्पष्ट लिहून ठेवले की मातीच्या नळांतले पाणी शिशाच्या नळांतल्या पाण्यापेक्षा आरोग्याला चांगले. कारण म्हणून त्याने शिशावर तयार होणाऱ्या पांढऱ्या द्रव्याकडे बोट दाखवले, आणि शिशाचे काम करणाऱ्यांचे चेहरे कसे निस्तेज होतात तेही सांगितले. जुन्नरच्या नाण्यांवर जे पूट दिसते त्याच जातीचे हे द्रव्य. व्हिट्रुव्हियसचे कुणी ऐकले नाही. २०१४ साली फ्रेंच आणि ब्रिटिश संशोधकांनी रोमच्या जुन्या बंदरातला गाळ तपासून अंदाज बांधला की त्या काळच्या नळाच्या पाण्यात झऱ्याच्या पाण्याच्या शंभरपटीपर्यंत शिसे होते. आपल्याकडच्या रसवैद्यांनीही अशुद्ध नागाचे, म्हणजे शिशाचे, दोष सांगून ठेवले आहेत. शिसे वाईट हे ज्ञान दोन्हीकडे जुने आहे.

मधल्या दीड हजार वर्षांत जुन्नर-आंबेगाव तालुक्यांचे पिण्याचे पाणी दगडातच राहिले. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी, डोंगरावरच्या पोढ्या, कुकडी, मीना आणि घोड नद्यांच्या काठच्या विहिरी, वाड्यांवरचे आड. त्या पाण्यात नारू असे, पटकीची साथ त्यातूनच पसरे, उन्हाळ्यात त्याच्यासाठी बायाबापड्यांचे हाल होत. त्या पाण्याचे गुणगान करायला मी बसलेलो नाही. शिशाचा दोष तेवढा त्याला नव्हता.

नळ आला तो इंग्रजी अमलात, आणि त्याच्याबरोबर एक वादही आला असता तर बरे झाले असते. १८५९ साली ग्लासगो शहराला कॅट्रिन सरोवराचे पाणी मिळाले. ते पाणी फार मृदू होते आणि मृदू पाणी शिसे विरघळवते. घरोघरी तर शिशाच्या नळ्या. रसायनज्ञांत आधीच वाद झाला होता, पण धोका नाही म्हणणाऱ्यांचे चालले. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १९७० च्या दशकात, त्या शहरातल्या मुलांच्या रक्तातले शिसे आणि त्यांची मंदगती यांचा संबंध संशोधकांनी मांडला, तेव्हा कुठे पाण्यावर प्रक्रिया सुरू झाली. ग्लासगोच्या पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, मुंबईला विहार तलावाचे पाणी आले. आपल्याकडे मुख्य नळ बिडाचे होते, पण त्यांचे सांधे पाहा: एका नळाचे टोक दुसऱ्याच्या तोंडात घालायचे, फटीत तागाचा दोर ठासायचा आणि वरून वितळलेले शिसे ओतून ठोकून बसवायचे. गावोगावच्या नळयोजनांत पुढे कित्येक दशके हेच चालले.

शाळेच्या इमारतीत पोचेपर्यंत शिशाने आणखी रूपे घेतली. जुन्या शाळेच्या पडवीत माठ किंवा रांजण असे, वर झाकण आणि ओगराळे. पाणी विहिरीचे, भरणारी मुलेच. नळ आला तेव्हा जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा आला. त्या जस्तात शिशाची भेसळ असायची. पाइपाच्या आट्यांवर सुताचे किंवा तागाचे वेढे देऊन त्यावर सफेदा फासायचा, मग सॉकेट आवळायचे, ही प्लंबरची रीत. सरकारी बांधकामाच्या कामांतही सफेद्याचाच सांधा सांगितलेला असे. सफेदा जस्ताचाही मिळतो, पण मूळ सफेदा म्हणजे शिशाचे तेच पांढरे कार्बोनेट, ज्याच्याबद्दल व्हिट्रुव्हियसने बजावले होते. तोटी पितळेची. पितळ लेथवर सहज कापले जावे म्हणून त्यात शंभरात दोन-तीन भाग शिसे मिसळतात. आणि लोखंडी पाइप गंजले म्हणून त्यांच्या जागी पीव्हीसीचा पाइप आला. प्लॅस्टिक आले म्हणजे धातूची भीती गेली असे सगळ्यांनाच वाटले. पण पीव्हीसी तापवून ओतताना ते करपू नये म्हणून त्यात स्थिरक घालावा लागतो, आणि आपल्या देशात वर्षानुवर्षे हा स्थिरक शिशाच्या क्षारांचा होता.

कायद्याची चाल फार संथ राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. भारतीय मानकात १९९१ साली ती ०.०५ होती, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत ती ०.०१ झाली. पेट्रोलमधले शिसे देशभर २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले. पीव्हीसी पाइपांमधल्या शिशाच्या स्थिरकाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली आदेश दिला, आणि तो टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचे नियम केंद्राने २०२१ साली काढले. नियम नव्या पाइपांना लागतात. शाळेच्या भिंतीत आधीच पुरलेला पाइप आहे तिथेच राहतो, आणि आपल्या तालुक्यांतल्या शाळांचे नळ एका वेळी बसलेले नाहीत. एक तुकडा लोखंडी, पुढे प्लॅस्टिक, मध्ये पितळी व्हॉल्व्ह, गच्चीवर टाकी, अशी ती वीण असते. कुठल्या जोडात काय आहे हे तिथल्या मुख्याध्यापकांनाही सांगता येणार नाही, आणि यात त्यांचा दोष नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण पाइप तोच राहून पाणी बदलले तरी हिशेब बदलतो. जुन्नर-आंबेगावच्या विहिरींचे पाणी बेसाल्टमधून झिरपून आलेले, त्यात बायकार्बोनेट आणि कॅल्शियम बऱ्यापैकी. असे पाणी नळाच्या आत हळूहळू पापुद्रा धरते आणि तो पापुद्रा काही अंशी धातूला झाकून ठेवतो. कुकडी प्रकल्पाने या भागाचे चित्र पालटले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली. डिंभ्याच्या जलाशयात जुने आंबेगाव गेले, त्याच गावाचे नाव आजही तालुक्याला आहे. जलाशयाला नाव मिळाले याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे. धरणाचे पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस, विहिरीच्या पाण्यापेक्षा मृदू. पिण्याला गोड, डाळ लवकर शिजवणारे, पण धातू विरघळवण्याकडे त्याचा कल जास्त. विहिरीवरची शाळा धरणाच्या योजनेला जोडली जाते तेव्हा जुन्या नळांतून नव्या गुणधर्माचे पाणी वाहू लागते, आणि ही गोष्ट कुणी तपासत नाही.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात नेमके पाणी बदलल्याने घात झाला. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी नदीवरून घ्यायला सुरुवात झाली. ते पाणी नळ खाणारे होते आणि गंज रोखणारे द्रव्य त्यात घातलेच नाही. जुन्या नळ्यांतले शिसे सुटू लागले. पाण्याचा रंग, वास बिघडल्याची लोकांची तक्रार अधिकारी झटकत राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातले वाढलेले शिसे आकड्यांनिशी पुढे ठेवले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये पाणी पूर्ववत झाले. त्या शहरातल्या शाळांच्या नळांतही जादा शिसे निघाले. त्याच देशाने १९८८ साली शाळांतल्या वॉटर कूलरमधल्या शिशासाठी वेगळा कायदा केलेला होता. कायदा असून जिथे असे झाले, तिथे असा कायदाच नसलेले आपण निर्धास्त कसे राहावे?

मुलांचा प्रश्न वेगळा का, तेही सांगायला हवे. पोटात गेलेल्या शिशातला जेवढा भाग मोठ्या माणसाच्या अंगात शोषला जातो, त्याच्या चार-पाचपट लहान मुलाच्या अंगात जातो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि ते तिथे वर्षानुवर्षे राहते. अंगात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते, आणि आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांत रक्तक्षय किती आहे ते आरोग्य तपासणीला येणारे डॉक्टर दरवर्षी पाहतात. परिणाम मेंदूवर होतो: लक्ष लागत नाही, शिकलेले राहत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे असल्याचे म्हटले, त्यातली २७ कोटींहून अधिक भारतातली. हे सगळे पाण्यातून आलेले नाही. जुन्या बॅटऱ्या गाळणे, रंग, मसाल्यांतली भेसळ, कल्हईच्या कथलात मिसळलेले शिसे, असे अनेक रस्ते आहेत. पण शाळेतला नळ हा रस्ता आपल्या हातात आहे. वर्गात मागे पडणाऱ्या पोराला मठ्ठ म्हणण्याआधी तो कुठले पाणी पितो हे एकदा पाहिले पाहिजे.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले आणि २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा-अंगणवाड्यांना नळाचे पाणी देण्याची खास मोहीम चालली. हे मोठे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. गावात पाणी तपासायला जे किट दिले जाते त्याने पीएच, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेला क्लोरीन अशा गोष्टी कळतात. शिसे त्यात कळत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला लागत नाही, उकळून जात नाही, टीसीएल पावडरने मरत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते, आणि तिथेही शिसे हे नाव लिहून तपासणी मागावी लागते.

नमुना घ्यायची रीत अवघड नाही. रविवारच्या सुट्टीत पाइपात मुरलेले पाणी सोमवारी सकाळी तोटी उघडताच जे येते, त्या पहिल्या धारेचा एक नमुना. मग पाच मिनिटे पाणी वाहू देऊन दुसरा. पहिल्यात शिसे जास्त आणि दुसऱ्यात नगण्य आले तर दोष तोटीत किंवा जवळच्या जोडात आहे. काही रुपयांची तोटी बदलून काम भागेल. दोन्हींत आले तर मागे टाकीपर्यंत आणि मुख्य नळापर्यंत शोध घ्यावा लागेल. तोवर सकाळची पहिली बादली झाडांना घालावी आणि पिण्यासाठी नंतरचे पाणी भरावे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये हे अधिक काटेकोरपणे पाळावे, कारण तेव्हा पाणी महिना-दीड महिना नळात उभे असते.

आजही आपल्या शाळांत पाण्याचे दान होते. माजी विद्यार्थ्यांची बॅच वॉटर कूलर देते, कुणी आईच्या स्मरणार्थ फिल्टर बसवते, आणि त्यावर नाव रंगवलेले असते. इरिला आणि दामघोष यांच्या पंक्तीतलीच ही माणसे, त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एवढीच विनंती: पुढचे दान देताना त्याच्या जोडीला शाळेतल्या प्रत्येक पिण्याच्या तोटीच्या पाण्याची शिशाची तपासणी करून घ्या, तिचा निकाल फळ्यावर लिहा, आणि नवी तोटी व पाइप घेताना शिसेरहित असल्याचे दुकानदाराकडून लेखी मागा. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हे करता येईल.